गजभिये मॅडम माफ करत नसत

झालं गेलं विसरून जावं, असं आपल्याकडे सगळेच सांगतात. सांगणारा बहुतेक वेळा तोच असतो, ज्याने काहीतरी केलेलं असतं. हे मला गजभिये मॅडमच्या शेजारी बसून कळलं.

आमगावच्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला, त्या वर्षी कुंदा गजभिये राज्यशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून आल्या. बुटकी, सडपातळ बाई. कडक इस्त्रीची सुती साडी आणि खांद्याला पुरुषी धाटणीची कापडी पिशवी. गाव देवरीच्या पुढे जंगलातलं चिचगड. शनिवारी शेवटचा तास संपला की देवरीची बस धरायच्या, तिथून चिचगडला आईकडे जायच्या आणि सोमवारी पहिल्या तासाला वर्गात हजर.

पहिल्याच दिवशी प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये त्यांची ओळख करून दिली. "या आपल्या राखीव जागेवर आलेल्या मॅडम." मॅडम उठल्या, नमस्कार केला, बसल्या. त्या दिवसानंतर प्राचार्य निवृत्त होईपर्यंत, म्हणजे साडेतीन वर्षं, त्या त्यांच्याशी तोंडाने एक शब्द बोलल्या नाहीत. जे काय असेल ते अर्ज लिहून. समोरासमोर बसलेल्या असल्या तरी कागद काढायच्या, लिहायच्या आणि बाबूच्या हाती द्यायच्या. प्राचार्य आधी हसायचे, मग चिडायचे, शेवटी शेवटी घाबरायचे. निरोप समारंभात सगळ्यांनी भाषणं केली. मॅडमनी पाकीट दिलं. गौरवपत्र असेल असं समजून प्राचार्यांनी ते व्यासपीठावरच उघडलं. मी बाजूलाच हार घेऊन उभा होतो, त्यामुळे वाचता आलं. "निवड यादीत खुल्या आणि राखीव सगळ्यांत मी पहिली होते. यादी आपल्याच सहीची आहे." प्राचार्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि हार घ्यायला मान पुढे केली.

त्यांची एक गंमत होती. माणूस आवडीचा असला, मन निवांत असलं, की बोलणं अस्सल झाडीपट्टीचं. "भाऊ, चाय पिऊन राहिले का?" असं विचारत आत यायच्या. पण राग आला की भाषा एकदम शुद्ध व्हायची, पुस्तकातून उतरवल्यासारखी. त्यांनी कोणाला "आपण" म्हटलं की आम्ही समजायचो, या माणसाचं काही खरं नाही.

आल्या तेव्हा त्यांना ग्रामपंचायतींवर पीएच.डी. करायची होती. ते राहिलं ते माझ्या एका कपाटामुळे. कोणीतरी देणगी दिलेली जुनी इंग्रजी पुस्तकं त्यात पडून होती. त्यांत मध्य भारतातल्या जातींच्या वंशावर एक जाड ग्रंथ होता. लेखक डॉ. निफाडकर, मोठं नाव असलेले मानववंशशास्त्रज्ञ. मॅडम तो चाळत उभ्या होत्या. अचानक खाली बसल्या, खुर्ची न शोधता, जमिनीवरच. मी पाणी आणलं. ते त्यांनी घेतलं नाही. परिशिष्टातल्या चिचगडच्या तक्त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "भाऊ, हा माझा नंबर आहे. एक्केचाळीस. अन् हा मनोहरचा."

मग तुकड्या-तुकड्यांनी गोष्ट कळली. मॅडम चौदा वर्षांच्या असताना हे निफाडकर आपल्या माणसांसह चिचगडच्या शाळेत आले होते. दवाखान्याचं शिबिर आहे, असं गावाला सांगितलं. गोंडांना आणि बौद्धांना वेगवेगळ्या रांगांत उभं केलं. लोखंडी चिमट्याने नाक मोजलं, डोकं मोजलं, दंडातून रक्त घेतलं आणि मनगटावर निळ्या शाईने नंबर लिहिला. मॅडमच्या मागेच त्यांचा मोठा भाऊ मनोहर होता. दोघांनी दोन दिवस हात धुतले नव्हते, नंबर जाऊ नये म्हणून. महिन्याभरात रिपोर्ट येईल, असं साहेब सांगून गेले. रिपोर्ट आला नाही. पुढे मनोहरचे सांधे दुखायचे, ताप यायचा, डोळे पिवळे व्हायचे. कोणी वात म्हणाला, कोणी मलेरिया. पंचविसाव्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत तो दिवसभर गार पाण्यात उभा राहिला आणि तापला. चौथ्या दिवशी देवरीला नेता नेता बैलगाडीतच गेला. मॅडम तेव्हा नागपूरला एम.ए. करत होत्या. त्या पोहोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं.

निफाडकरांच्या तक्त्यात बेचाळीस नंबरापुढे दोन अक्षरं होती. एसएस. म्हणजे सिकलसेलचा पुरा आजार, गारठ्याने उसळणारा रक्ताचा दोष. त्या ग्रंथात पानंच्या पानं नाकाच्या रुंदीवर होती, कोणती जात कुठून आली, कोणाचं रक्त किती शुद्ध, यावर होती. आजारी माणसाचा उल्लेख एका वाक्यात होता, तोही या पट्ट्यातल्या लोकांचा वंश एकच असावा, याचा पुरावा म्हणून.

मॅडमनी पंचायतीचा विषय सोडला. नवा विषय घेतला: वंश, राजकारण आणि विज्ञान. मार्गदर्शक म्हणाले, बाई, हे राज्यशास्त्र नाही. मॅडमनी त्यांना विचारलं, "सुई कोणाच्या हातात आणि दंड कोणाचा, हे राज्यशास्त्र नाही तर काय आहे, सर?" हा प्रश्न मला त्यांनी स्वतः सांगितला, शुद्ध भाषेत, त्यामुळे त्या केवढ्या रागात असतील हे समजलं. प्रबंध लिहून झाला तर बाहेरच्या परीक्षकाने तो परत पाठवला. शेऱ्यात लिहिलं, लेखिकेला विषयाचा वैयक्तिक राग दिसतो. मॅडमनी तो शेरा काचेत मढवून घेतला आणि आपल्या टेबलासमोर लावला. विद्यार्थी विचारायचे तेव्हा सांगायच्या, "सर्टिफिकेट आहे." दुसऱ्या वेळी प्रबंध मंजूर झाला, पण त्यांनी ती काच काढली नाही.

या रागातून मीही सुटलो नाही. आम्ही पोवार. माळव्यातून आलेले, असं आमचे वाडवडील सांगत आलेत. निफाडकरांच्या ग्रंथात आमच्या नाकांची फार स्तुती होती. आमच्या समाजाच्या स्मरणिकेत कोणीतरी ते पान मराठी करून छापलं होतं. मुद्रितं मीच तपासली होती आणि आत माझं नावही होतं. ही स्मरणिका मॅडमना माझ्याच वाचनालयात सापडली. तेव्हापासून त्या मला "टेंभरे महोदय" म्हणू लागल्या. पुस्तक हवं असलं की चिठ्ठी.

मग एक दिवस वर्गात बोलावलं. त्यांनी गोंदियाच्या बाजारातून लोहाराच्या दुकानातला मोजमापाचा चिमटा आणला होता. सगळ्या वर्गाची नाकं मोजायला लावली: पोवारांची, गोंडांची, बौद्धांची, मारवाडी दुकानदाराच्या मुलीचं आणि माझंही. आकडे नाव न घालता फळ्यावर लिहिले आणि म्हणाल्या, आता यातून जाती ओळखा. पोरं हसत हसत ओळखू लागली आणि एकही बरोबर येईना. माझा आकडा चिचगडकडच्या एका गोंड मुलाच्या आकड्याशी तंतोतंत जुळला. तो मुलगा लाजला. मला लाज वाटली ती वेगळी. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत मी दुरुस्ती छापून घेतली. त्यावरून समाजाच्या बैठकीत मला बरंच ऐकावं लागलं. ते मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "बरं झालं, भाऊ. चाय पिऊन राहिले का?" मी पुन्हा "भाऊ" झालो होतो.

नंबराला नाव जोडायचं तर मूळ रजिस्टर हवं होतं. ते नागपूरच्या एका संस्थेत पडलंय, असा शोध त्यांनीच लावला. वाचनालयाच्या नावाने पत्रव्यवहार मी केला. दीड वर्ष लागलं. आम्ही दोघं सकाळच्या गाडीने गेलो. तळघरात एका माणसाने जुन्या फायलींचा ढीग दाखवला आणि झेरॉक्स काढता येणार नाही, असं बजावलं. दुपारपर्यंत रजिस्टर सापडलं. बेचाळीस: मनोहर, बापाचं नाव, गाव चिचगड, वय सोळा. शेवटच्या रकान्यात एसएस, आणि त्याखाली तारखेसह निफाडकरांची सही. ती तारीख शिबिरानंतर दोन महिन्यांची होती.

मॅडम रडल्या नाहीत. पिशवीतून वही काढली आणि चिचगडचे सगळे नंबर उतरवून घेतले. संस्थेच्या एका अधिकाऱ्याला गाठून प्रत बरोबर असल्याची सहीही घेतली. परतीच्या गाडीत मी म्हटलं, पेपरवाल्यांना देऊ. त्यांनी मान हलवली. "पेपरात आलं तर तो वाचून बाजूला ठेवन. मले त्याच्या तोंडून ऐकाचं हाये."

त्यानंतरची चार वर्षं त्या दोन कामं करत होत्या. एक लिहिण्याचं. दिल्लीला, हैदराबादला, एकदा परदेशातही त्यांनी निबंध वाचले: आपल्याकडे मोजमापाचं शास्त्र कोणाच्या उपयोगी पडलं, कोणत्या पुढाऱ्याने कोणत्या तक्त्यावर कोणाला सवलती नाकारल्या. विद्वान लोक टाळ्या वाजवायचे आणि नंतर चहाच्या वेळी सांगायचे, थोडं संयमाने लिहा. दुसरं काम शनिवार-रविवारचं. रजिस्टरातल्या प्रत्येक माणसाच्या दारात जाऊन त्याचा निकाल त्यांनी त्याला एकट्याला सांगितला, देवरीच्या दवाखान्यात पुन्हा तपासणी करवली, गोळ्या सुरू करून दिल्या. काही दारांत सांगायला माणूसच उरला नव्हता.

मग त्यांनी आमच्या कॉलेजात चर्चासत्र ठरवलं. प्रमुख पाहुणे डॉ. निफाडकर. निमंत्रणपत्र मॅडमनी सांगितलं आणि मी टाईप केलं. "चिचगड येथील आपल्या कार्याविषयी आपल्याच मुखातून ऐकण्याची या भागातील लोकांची फार वर्षांची इच्छा आहे." त्या पत्रात एकही अक्षर खोटं नव्हतं.

पाहुणे आले. ऐंशीकडे झुकलेले, उंच, अतिशय सभ्य गृहस्थ. स्टेशनवरून आणताना त्यांनी माझ्या मुलांची चौकशी केली, धानाच्या कोणत्या जाती लावता विचारलं. ते उर्मट असते तर मला बरं वाटलं असतं.

सभागृहात पुढच्या दोन रांगा चिचगडच्या लोकांच्या होत्या. मॅडमनी प्रत्येकाला आधी विचारलं होतं. ज्यांना यायचं नव्हतं ते घरीच राहिले. आलेल्यांच्या छातीवर टाचणीने एकेक नंबर लावलेला होता. निफाडकरांना वाटलं, प्रतिनिधी असतील. ते अर्धा तास छान बोलले. तिथले लोक किती साधे, सुईलाही घाबरले नाहीत, असं म्हणून हसले.

ते बसायला लागले तेव्हा मॅडम उठल्या. आवाज शांत, भाषा शुद्ध.

"सर, ते साधे लोक आपल्यासमोर बसले आहेत. आपण त्यांना अहवाल देण्याचं वचन दिलं होतं. ही आपल्या रजिस्टरची प्रत. कृपया वाचून दाखवावी."

निफाडकरांनी कागद पाहिले. रांगांतले नंबर पाहिले. त्यांना कळलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. म्हणाले, "मॅडम, ते संशोधन होतं. उपचार नव्हते."

"मी उपचार मागितलेले नाहीत. वाचन मागितलं आहे."

नवे प्राचार्य खुर्चीत चुळबुळले, पण उठले नाहीत. निफाडकर निघून जाऊ शकले असते. का गेले नाहीत, हे मला आजही सांगता येत नाही. त्यांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. नंबर, मग निकाल. त्या नंबराचा माणूस उभा राहायचा आणि उभाच राहायचा. एक म्हातारा गोंड काठी टेकत उठला आणि दोन्ही हात जोडून थांबला, कोर्टात उभा असल्यासारखा. एक्केचाळीसला मॅडम म्हणाल्या, "मी." मग निफाडकरांनी बेचाळीस म्हटलं आणि कोणीच उठलं नाही. त्यांनी मान वर केली.

"वाचा," मॅडम म्हणाल्या.

"एसएस."

"त्याचा अर्थ सांगा त्यांना."

"आजार... म्हणजे पूर्ण आजार आहे."

"आपल्याला हे केव्हा कळलं?"

"त्याच वर्षी."

"तो माझा भाऊ. त्यानंतर नऊ वर्षं जगला. गार पाण्यात उतरू नकोस, एवढं सांगायला एक पोस्टकार्ड पुरलं असतं. पुढे वाचा, सर. अजून माणसं आहेत."

त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी पाणी मागितलं. व्यासपीठावर तांब्या होता, पण कोणी हलेना. मीही हललो नाही, ते मला पुष्कळ दिवस खुपलं. तेव्हा पहिल्या रांगेतून एक म्हातारी उठली. मॅडमची आई. तिने पेला भरला, दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरला, आणि ते पिऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिली.

बाहेर आल्यावर मॅडमनी आईला काहीतरी विचारलं. मी ऐकलं ते आईचं उत्तर. "मांगला त्यानं पानी. कायले नाही देऊ?" पुढचे दोन शनिवार मॅडम चिचगडला गेल्या नाहीत.

लोकांना वाटलं, आता झालं. मॅडमना तसं वाटलं नाही. त्या दिवसाचं सगळं त्यांनी निफाडकरांच्या नावासह लिहून काढलं आणि परदेशातल्या एका मासिकात छापून आणलं. त्यावर बरंच लिहिलं गेलं. निफाडकरांना कुठलीशी मोठी पदवी मिळणार होती, ती बारगळली. एकेका समितीवरून त्यांचं नाव गेलं. त्यांनी मॅडमना पत्र लिहिलं. मला वाईट वाटतं, पण तो काळच तसा होता, असं त्यात होतं. मॅडमनी उत्तर पाठवलं: "रजिस्टरवर काळाची सही नाही. आपली आहे." त्यानंतरची दोन पत्रं त्यांनी न फोडता परत केली.

मी एकदा धीर करून म्हटलं, "मॅडम, म्हातारा माणूस आहे. आता पुरे करा."

त्यांनी हातातलं पुस्तक मिटलं. "टेंभरे महोदय, म्हातारं होण्याची सोय मनोहरला नव्हती."

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. माझं चुकलं असं मला वाटत नाही, त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही. पण त्या सुडाने त्यांना आराम मिळाला, असं मी कधी पाहिलं नाही. जेवण कमी झालं होतं, केस पांढरे झाले होते. नागपूरच्या विद्यापीठातून बोलावणं आलं तेही त्यांनी नाकारलं. म्हणाल्या, तिथून शनिवारी चिचगडला पोचता येत नाही.

मी निवृत्त झालो. पुढे एका सकाळी पेपरात निफाडकर गेल्याची बातमी वाचली. त्याच आठवड्यात देवरीला भाच्याच्या लग्नाला गेलो असताना कळलं, मॅडम चिचगडलाच आहेत, शाळेत काहीतरी शिबिर आहे. बातमी आपणच सांगावी, असं वाटलं. बस धरून गेलो.

थंडीचे दिवस होते. शाळेच्या पटांगणात चाळीसेक माणसांची रांग होती, पण ती फार हळू सरकत होती. शहरातल्या कुठल्या तरी प्रयोगशाळेतली तरुण मंडळी आली होती. आता रक्त नको, लाळ पुरते म्हणे. पूर्वज कुठून आले ते तीवरून कळतं. व्हरांड्यात दाराच्या तोंडाशी मॅडम प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. समोर बाकावर त्या मंडळींचा प्रमुख, तिशीचा डॉक्टर, खाली मान घालून लिहीत होता. मॅडमची अट होती, रांगेतल्या प्रत्येक माणसाला एकेक कागद द्यायचा: मी अमुक, राहणार अमुक, तुमची लाळ घेतली, तिचा निकाल अमुक महिन्यात स्वतः घेऊन येईन. छापील चालणार नाही, हाताने आणि मराठीत. पंधरा-वीस कागद झाले होते. पोरगा घामाघूम झाला होता.

मी मॅडमच्या बाजूला वाकून सांगितलं, निफाडकर गेले.

"कवा?"

"सोमवारी."

त्यांनी चष्मा काढला. पदराने पुसत राहिल्या, पुष्कळ वेळ. मला वाटलं, आता काहीतरी सुटेल.

"त्याले इथं आनाचं होतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "दारोदार. राहूनच गेलं."

डॉक्टरचं लिहिणं थांबलं होतं. तो आमच्याकडे बघत होता. मॅडमनी चष्मा लावला आणि कागदावर बोट ठेवलं.

"थांबलास काऊन? तुझं पुरं नाव लिही. बापाचंबी."

त्याने आखडलेली बोटं झाडली आणि बापाचं नाव लिहिलं. कागद पुढच्या बाईच्या हातात गेला. रांग एक पाऊल पुढे सरकली.